धबधब्याची वाट उलटी असते

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघं जंगलातल्या एका धबधब्यावरून काळोखात परत आलो होतो. दादा, वहिनी, भाची आणि मी. चौघांत मोबाइलचे दोन टॉर्च, त्यातल्या एकात नऊ टक्के बॅटरी. दादाचा गुडघा आखडलेला. वाईट असं काही झालं नाही, पण शेवटचा दीड तास कोणी कोणाशी बोललं नाही. आमच्या घरात हे फार क्वचित घडतं.

हिशेब माझा होता आणि तो चुकला कसा, हे समजायला मला बरेच दिवस लागले. जायला दोन तास लागले, म्हणजे यायला दोन तास, असं मी धरलं होतं. डोंगर चढायची सवय असलेला माणूस असंच धरतो. माथ्यावर जाताना दम निघतो, येताना उतारच असतो, म्हणून परतीला कमीच वेळ लागतो. पण धबधब्याच्या पायथ्याची वाट बहुतेकदा उलटी असते. गाडी वर सोडायची, जंगलातून ओढ्याकडे उतरायचं, ओढ्याच्या काठाने जायचं आणि डोहाशी पोचायचं. ताजे पाय उतारावर खर्च होतात आणि चढ शिल्लक राहतो तो भिजलेल्या, दमलेल्या, पोट भरलेल्या माणसांसाठी.

म्हणून यंदा दुसऱ्या एका धबधब्याला जायचं ठरलं तेव्हा मी आधी कागदी नकाशा मागवला. फोनवर वाट दिसते, पण चार पानांएवढ्या कागदावर अख्खं खोरं एका नजरेत येतं, ते तिथे जमत नाही. नकाशा १:५०,००० प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. पायवाटेच्या तुटक रेषेवर शिवणाचा दोरा वळणावळणाने ठेवत गेले आणि मग तो सरळ करून पट्टीवर मोजला. तेरा सेंटिमीटर. साडेसहा किलोमीटर. फूटपट्टीने सरळ मोजलं असतं तर साडेचारच भरत होते. दोऱ्याचं काम भाचीला फारच आवडलं. तिने ते तीनदा केलं आणि तीनदा वेगळी उत्तरं काढली. आम्ही सगळ्यात मोठं घेतलं.

मग कंटूर, म्हणजे समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा. आमच्या नकाशावर दोन रेषांमध्ये वीस मीटरचा फरक होता. रेषा विरळ तिथे सपाटी, दाट तिथे चढ. ओढा ओलांडताना या रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दुमडतात आणि त्या व्हीचं टोक नेहमी पाणी जिकडून येतं तिकडे असतं. एवढं एक कळलं की घळ कुठली आणि डोंगराची सोंड कुठली हे गोंधळायला होत नाही. धबधब्यापाशी दोन रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. दोन रेषा एका जागी, म्हणजे पाण्याची उडी निदान वीस मीटरची, आणि तिसरी-चौथी रेषा सुटी आहे म्हणून साठपेक्षा कमी. नकाशा याहून जास्त सांगत नाही. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

रेषा मोजत गेल्यावर दिवसाचा आकार दिसला. गाडी ठेवायच्या जागेपासून पहिल्या दीड किलोमीटरमध्ये बारा रेषा, २४० मीटर उतार. मग ओढ्याच्या कडेने जवळजवळ पाच किलोमीटर किरकोळ चढउतार. शेवटी डोहाकडे आणखी ६० मीटर, तेही उभे. परतताना हे सगळं उलट वाचायचं. म्हणजे दिवसातला सगळ्यात मोठा चढ दिवसाच्या अगदी शेवटी.

चालायच्या वेळेचा एक जुना नियम आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. आजच्या मापात साधारण असा: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाला एक तास. त्या हिशेबाने जाऊन-येऊन तेरा किलोमीटरचे दोन तास छत्तीस मिनिटं आणि तीनशे मीटरचा अर्धा तास, असे सहा मिनिटं वर तीन तास. वाचूनच हसू आलं. नेस्मिथसाहेब धडधाकट, वाट चांगली आणि मधे कोणी बुटाची नाडी बांधायला थांबत नाही, असं सगळं त्यात गृहीत आहे. पुढे एरिक लँगम्यूअर यांनी त्यात उताराची भर घातली: हलक्या उतारावर दर तीनशे मीटरला दहा मिनिटं वजा करायची, पण बारा अंशांहून तीव्र उतार असेल तर दहा मिनिटं उलट वाढवायची. उभ्या उतारावर माणूस ब्रेक लावत उतरतो. हे दादाच्या गुडघ्याला आधीच ठाऊक होतं.

आम्ही नियम घेतला, आकडे आमचे घातले. मागच्या तीन-चार ट्रेकच्या फोनमधल्या नोंदी काढल्या. जंगलात, मुळांतून आणि ओल्या पाचोळ्यातून, आम्ही चौघं मिळून ताशी तीन किलोमीटरच्या वर कधीच गेलो नव्हतो. तर एका बाजूला दोन तास दहा मिनिटं. परतीला त्यात तीनशे मीटर चढाची पाऊण तासाची भर, कारण चौघांचा वेग म्हणजे दादाच्या गुडघ्याचा वेग. सरासरी काढून उपयोग नसतो, मागे राहिलेल्या माणसाला सोडून पुढे जायचं नसेल तर.

यानंतर मी जे केलं ते मागच्या वेळी केलं असतं तर दीड तासाचा अबोला टळला असता. दिवस शेवटाकडून मांडायला घेतला. त्या दिवशी सूर्यास्त ६.४० ला. पण घळीत आणि दाट झाडांखाली सूर्यास्त पंचांगाप्रमाणे होत नाही, तासभर आधीच वाट धूसर होते. म्हणून पाचला गाडीशी. परतीला तीन तास, तर दोनला निघायला हवं. काहीतरी होणारच म्हणून अर्धा तास राखीव. दीड. ‘१.३० वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, धबधबा दिसला असो वा नसो,’ असं मी कागदावर लिहिलं आणि तिघांना मोठ्याने वाचून दाखवलं.

‘शंभर पावलांवर असलो तर?’ भाचीने विचारलं.

‘तरीही.’

‘आत्या, तू नाही फिरणार.’

ती मला ओळखते. म्हणून घड्याळ तिच्या हाती दिलं.

दीडला निघायचं आणि तिथे तासभर तरी बसायचं, तर साडेबाराला पोचायला हवं. जायला थांबे धरून दोन तास चाळीस मिनिटं. म्हणजे नऊ पन्नासला निघूनही भागत होतं. आम्ही नऊ ठरवलं, कारण नऊ ठरवल्यावर आमच्यात साडेनऊला पाऊल उचललं जातं.

पाण्याचा भाग मला सगळ्यात अवघड गेला. मी हवामान बघत होते ते गाडी ठेवायच्या जागेचं. एका संध्याकाळी नकाशावर ओढ्याची निळी रेघ बोटाने मागे नेत नेत गेले. ती धबधब्याच्या वर पठारावर जाऊन बोटं पसरावीत तशी फाटत होती. त्या सगळ्या फाट्यांचं पाणी एका तोंडातून खाली येणार. पठारावरचे किलोमीटरचे चौकोन मोजले, साधारण चौदा. चौदा चौरस किलोमीटरवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर चौदा कोटी लिटर पाणी होतं. त्यातलं बरंचसं जमीन पिते, पण आधीच भिजलेली जमीन फार पीत नाही. आणि खाली डोहाशी उभ्या असलेल्या माणसावर त्यातला एक थेंबही पडलेला नसू शकतो, त्याच्या डोक्यावर कदाचित ऊनही असेल.

तेव्हापासून मी पठाराचा अंदाज बघू लागले. आदल्या रात्री तो असा होता: सकाळी कोरडं, दुपारनंतर पावसाची शक्यता ४० टक्के. चाळीस टक्क्यांवर घरी बसायचं की जायचं? वहिनी म्हणाली, ‘साठ टक्के नाही म्हणतायत ना?’ हे गणित बरोबर आहे आणि तरी मला त्याची भीती वाटते. शेवटी जायचं ठरलं, पण वाटेत ओढा ज्या एका जागी ओलांडायचा होता तिथे पाणी सकाळीच पोटरीला लागलं तर पुढे जायचं नाही, या अटीवर.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, याद्या सगळीकडे मिळतात. पाणी माणशी तीन लिटर, कारण ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी ते उकळल्याशिवाय प्यायचं नाही आणि तिथे चूल मांडायची आमची इच्छा नव्हती. हेडलॅम्प चौघांचे चार. शिट्टी प्रत्येकाच्या सॅकच्या पट्ट्याला बांधलेली: संकटात मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा वेळा. पाण्याच्या आवाजात हाक पोचत नाही, शिट्टी पोचते. आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक-एक कोरडा शर्ट. घसरला नाही तरी डोहाशी बसलेला माणूस तुषारांनी भिजतोच आणि पडणारं पाणी स्वतःबरोबर हवा ओढून आणतं, त्यामुळे तिथे सतत वारा असतो. सुती कपडा ओला झाला की अंगाला चिकटून थंडी वाजवत बसतो.

फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवला होता. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, हे दादाला पटायला वेळ लागला. ते चालतं खरं, पण खोल घळीत कातळावर आपटून येणाऱ्या सिग्नलमुळे ठिपका अधूनमधून पलीकडच्या काठावर उडी मारतो. आम्हीही दोनदा, फोनच्या मते, पाण्यावरून चालत होतो.

आणि चिठ्ठी. कुठे जातोय, कोणत्या वाटेने, गाडीचा नंबर, आणि ‘संध्याकाळी ७ पर्यंत फोन आला नाही तर वनविभागाच्या चौकीला या नंबरवर कळवा.’ ती शेजारच्या काकूंच्या हातात देऊन आले.

प्रत्यक्षात नऊ वीसला निघालो. मला हे यश वाटलं.

पहिला उतार पस्तीस मिनिटांत संपला. उतरताना भाची प्रत्येक फाट्यावर मागे वळून एक फोटो काढत होती. हे तिचं तिने शोधलेलं. जंगलात पुढे बघून लक्षात राहिलेली वाट परतताना ओळखू येत नाही, तेच झाड दुसऱ्या बाजूने दुसरंच झाड असतं. ओढा ओलांडायच्या जागी पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. पाणी घोट्याएवढं, तळाची वाळू दिसत होती. ओलांडण्याआधी दादाने काठावर, पाण्याला अगदी टेकून, तीन चपटे दगड एकावर एक रचले.

‘कशाला?’ वहिनी.

‘येताना कळेल, पाणी वाढलंय का ते.’

हे माझ्या योजनेत नव्हतं. कुठे ऐकलं विचारलं तर म्हणाला, ‘सुचलं.’ मला थोडा रागच आला.

पुढे एक मोठं झाड वाटेवर आडवं पडलेलं निघालं. ते कुठल्याच नकाशावर नव्हतं. वळसा घालून वाट पुन्हा सापडायला वीस मिनिटं गेली. मग आवाज सुरू झाला. झाडीत तो कुठून येतोय ते कळत नाही, सगळीकडूनच येतो. शेवटचे साठ मीटर बसत, मुळं धरत उतरलो. पाऊण तास चालल्यासारखं वाटलं, घड्याळात अकरा मिनिटं. बारा वीसला डोह.

पाणी आमच्या अंदाजाने पस्तीस मीटरवरून पडत होतं. वरचा कातळ जाड, काळा, पुढे आलेला. त्याच्याखालचा थर ठिसूळ, आत खाल्लेला. बरेच धबधबे असेच घडतात. वरचा कठीण थर तग धरतो, खालचा मऊ थर तुषारांनी आणि भोवऱ्यांनी पोखरला जातो, मग एक दिवस वरचं छप्पर निखळतं आणि धबधबा थोडा मागे सरकतो. डोहात मोटारीएवढे धोंडे पडले होते. ते कुठून आले हे एकदा कळल्यावर पडद्यामागे जाऊन फोटो काढायची हौस आपोआप मावळते. पाण्यातही उतरलो नाही. पाणी पडतं तिथे ते बुडबुड्यांनी पांढरं झालेलं असतं, आणि हवा मिसळलेलं पाणी माणसाला नेहमीसारखं तोलून धरत नाही. डोहाच्या खालच्या बाजूला एका कोरड्या कातळावर बसलो, खाल्लं, आणि बराच वेळ नुसतं बघत राहिलो. पाण्याचा एखादा झुबका नजरेने वर धरायचा आणि खालपर्यंत सोबत यायचं, हा खेळ वहिनीने सुरू केला. असं केलं की पाणी हळू पडतंय असं वाटतं.

बोलणं शक्यच नव्हतं. खुणांनी चाललं होतं. म्हणूनच गडगडाट झाला असेल तर तो आम्हाला ऐकू आला नाही. भाचीने माझा दंड धरून वर दाखवलं. कड्याच्या माथ्यामागचं आभाळ शाईसारखं झालं होतं. एक वाजून दहा मिनिटं. दीडला अजून वेळ होता, पण सव्वाला आम्ही निघालो होतो.

ओढ्याशी सव्वादोनला पोचलो. आमच्यावर पाऊस नव्हता, झाडांतून ऊन खाली येत होतं. दादाचे तीन दगड होते तिथेच होते, पण खालचे दोन पाण्यात गेले होते आणि तिसऱ्याच्या कडेला फेस लागत होता. पाणी चहाच्या रंगाचं. काटक्या, पानं, मधेच एक अख्खी फांदी वाहत चाललेली.

‘गुडघ्याएवढंच आहे,’ दादा म्हणाला. ‘हात धरून जाऊ. आत्ता नाही गेलो तर अजून वाढेल.’

हा वेडा युक्तिवाद नाही. वाढेलच, ही शक्यता खरी होती. पण पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते आपल्याला ढकलतं चौपट जोराने, आणि तळ दिसत नव्हता. उलट छोटे ओढे जसे झटकन चढतात तसे झटकन उतरतातही. आपल्याकडे राखीव अर्धा तास आहे, वर डोहाशी वाचवलेली पंधरा मिनिटं आहेत, आणि हेडलॅम्प आहेत. मी म्हणाले, ‘दादा, पाऊण तास बसू. दगड बघू.’

त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने सॅक काढून खाली ठेवली.

काठापासून बरंच वर, झाडांच्या बुंध्यांशी बसलो. दर पाच मिनिटांनी भाची जाऊन बघून येत होती. अडीचला फक्त सर्वात वरच्या दगडाचा माथा दिसत होता. दोन चाळीसला तेवढाच. मला मनातून धास्ती वाटायला लागली. अजून वाढलं तर दुसरी वाट कोणती, हे मी घरी बघून ठेवलेलं नव्हतं. नकाशा मांडीवर घेऊन आता शोधत होते, आणि सापडत नव्हती. पावणेतीनला वरचा दगड अर्धा उघडा. तीनला दुसरा दिसायला लागला, पाण्यातल्या काटक्या थांबल्या, रंग निवळला. तीन पाचला, सॅकचे कमरेचे पट्टे सोडून, जिथे ओढा पसरट आणि म्हणून उथळ होता तिथून, एकमेकांना धरून पार झालो. पाणी घोट्याच्या चार बोटं वर होतं. पन्नास मिनिटं गेली होती.

जाताना दादाने ते दगड उचलून ओढ्यात टाकले. पुढच्या माणसाला ती वाटेची खूण वाटू नये म्हणून.

शेवटचा चढ मी आधीपासून घाबरून होते तितका वाईट गेला नाही, कारण सगळे त्याच्यासाठी तयार होते. बारा रेषा, दर दोन रेषांना एक थांबा, असं भाचीने जाहीर केलं आणि फोनवरची उंची बघून थांबे पुकारत गेली. चौथ्या थांब्यानंतर दादाने विचारलं, ‘अजून किती रेषा?’ पाचच्या सुमाराला झाडीत खरंच धूसर झालं आणि आम्ही दिवे लावले. अर्ध्या तासाने जंगलाबाहेर पाऊल टाकलं तर बाहेर लख्ख उजेड, माळावर ऊन पडलेलं. कपाळावर दिवे लावलेले आम्ही चौघं उन्हात उभे.

गाडीशी साडेपाच. ठरल्यापेक्षा अर्धा तास उशीर. रेंज आल्यावर पहिला फोन काकूंना केला.

‘पोचलो, काकू. सगळे ठीक. ती चिठ्ठी आता फाडून टाका.’

‘कोणती चिठ्ठी?’ काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, ‘अगं हां, ती होय! मागून कोरी होती ना, त्यावर प्लंबरचा नंबर लिहून दिला मी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्यांना.’